दगडापेक्षा चिठ्ठी मोठी

नागपूरच्या मातीतून निघालेल्या जीवाश्मांचा पहिला मोठा संग्रह नागपुरात नाही. तो लंडनला गेला. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने तो जमवला होता. आपल्याला हिस्लॉप माहीत आहे तो कॉलेजच्या नावामुळे. पण १८४५ साली इथे आलेला हा माणूस धर्मप्रचाराच्या फेऱ्यांत रस्त्यालगतचे खडक निरखत हिंडत असे. पेशाने तो भूशास्त्रज्ञ नव्हता. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हाही मिशनरीच. या दोघांना टाकळीच्या टेकडीवर लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेली गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची कवचे सापडली. फळे, बिया आणि भुंग्यांचे कठीण पंखही सापडले. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीहून एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे नाव ब्रॅकिऑप्स ठेवले. वनस्पती चार्ल्स बनबरी यांनी तपासल्या, कीटक अँड्र्यू मरे यांनी. नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा हिस्लॉप आणि हंटर यांचा लेख त्याच वर्षी लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. पुढे सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याला आलेल्या पुरात हिस्लॉप वाहून गेला. नागपूरचे संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तेही त्याच वर्षी सुरू झाले.

हा संग्रह म्हणजे दोन हौशी माणसांनी खिशात आणि पेटाऱ्यात भरून आणलेले दगड. त्यांची मोडतोड झाली असती, वारसांनी ते कंपाउंडच्या भिंतीत बसवले असते, तरी कोणाला कळले नसते. त्यांचे विज्ञान झाले ते एका सवयीमुळे. कोणता दगड कोणत्या टेकडीवरून आला, त्याच्या वर कोणता थर होता आणि खाली कोणता, हे या माणसांनी लिहून ठेवले. ते दगड आजही अभ्यासता येतात ते या नोंदींच्या बळावर.

माझे म्हणणे असे की, विदर्भात जीवाश्म जमवणारी माणसे कमी नकोत, आणखी हवीत. फक्त त्यांनी स्वतःला मालक समजू नये. ही वस्तू आपल्याकडे काही वर्षांसाठी ठेव म्हणून आली आहे आणि तिच्यासोबतची चिठ्ठी तिच्याहून मोलाची आहे, हे ज्याला मान्य असेल त्याने खुशाल जमवावे. ज्याला मान्य नसेल त्याने दगडाला हात लावू नये.

माझ्या या म्हणण्याच्या पहिल्या अर्ध्या भागालाच अनेक जाणकारांचा विरोध असतो. जीवाश्म उचलूच नयेत, ते तज्ज्ञांचे काम आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी एकदा नागपूरच्या वेशीवर जाऊन पाहावे. टाकळी केव्हाच शहराच्या पोटात गेली. आता चारही दिशांना वावरांवर लेआउट पडत आहेत, टेकड्या फोडून गिट्टी होते आहे, मुरमाचे ट्रक रात्रंदिवस धावत आहेत. पावसाने उघडी पडलेली, नांगराच्या फाळाने वर आलेली, धुऱ्यावर फेकलेली कवचे तज्ज्ञांची वाट पाहत थांबत नाहीत. ती एखाद्या प्लॉटच्या भरावात जातात. आपल्याकडे भूशास्त्राचे अभ्यासक मूठभर, आणि थर तर जिल्हेच्या जिल्हे पसरलेले. अशा वेळी सुटा पडलेला दगड ओळखणारा शाळामास्तर, विहीर खणताना थांबून पाहणारा शेतकरी, सुटीच्या दिवशी नाल्यानाल्याने फिरणारी कॉलेजची मुलगी ही माणसे विज्ञानाचे डोळे आहेत. मध्य प्रदेशातल्या घुघव्याच्या अश्मीभूत जंगलाकडे १९७० च्या दशकात लक्ष वेधले ते धर्मेंद्र प्रसाद यांनी. ते मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते. १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. आकडेमोडीची नोकरी करणाऱ्या माणसाने दगडाकडे नीट पाहिले नसते, तर तिथली किती खोडे घरांच्या पायऱ्यांत गेली असती याचा विचार करावा.

शिवाय नागपूरइतके भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, उत्तरेला कामठीकडे गोंडवानाचे वालुकाश्म, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. कामठीच्या नावाने तर भूशास्त्रात एक अख्खी खडकमालिका ओळखली जाते. सिलेवाड्याच्या तांबूस वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले आहेत. वय सुमारे २५ कोटी वर्षे. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीने आणि उपासमारीने मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर जवळजवळ १६ किलो दगड होते. त्यांत याच ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. जीव जात असताना त्यांनी ते ओझे टाकले नाही. अंटार्क्टिका आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा तो पुरावा ठरला. त्या भूखंडाला आज जग गोंडवाना म्हणते. ज्या गोंड राजांनी नागपूर वसवले, त्यांच्या मुलखावरून आलेले हे नाव. कामठीच्या वाटेवरचा तांबडा दगड ध्रुवावरच्या दगडाचा सख्खा भाऊ आहे, हे आपल्या किती शाळांत सांगितले जाते?

आता चिठ्ठीबद्दल.

नागपूरहून छिंदवाड्याकडे गेले की मोहगाव कलान लागते. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या काळात तिथे पाणवठा होता, आणि त्याच्या तळाशी साचलेल्या गाळात वनस्पती इतक्या बारकाईने गारगोटीसारख्या दगडात रूपांतरित झाल्या की, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशी दिसतात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फळा-फुलांवर काम केले. त्यात निपा नावाच्या तालवृक्षाचे फळ होते. निपा आज सुंदरबनासारख्या खाड्यांत, खारवट चिखलात वाढतो. म्हणजे जिथून आज समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, त्या छिंदवाड्यापर्यंत कधीकाळी खाऱ्या पाण्याचा फाटा पोहोचला असावा. केवढे मोठे विधान! ते उभे आहे एका मुठीएवढ्या फळावर, खरे तर त्या फळासोबतच्या ‘मोहगाव कलान’ या दोन शब्दांवर. ते दोन शब्द पुसले तर हातात राहते ते एक अश्मीभूत फळ. दिवाणखान्यात ठेवायला सुंदर, पण त्यातून समुद्राचा पत्ता लागणार नाही.

आणि पत्ता नुसता हरवला तर निदान दगड गप्प बसतो. पत्ता खोटा असला तर तो खोटे बोलू लागतो. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात लेख लिहून पंजाब विद्यापीठाच्या विश्वजित गुप्ता यांच्या संशोधनावर जाहीर आक्षेप घेतला. हिमालयातले म्हणून छापलेले कितीतरी जीवाश्म दुसरीकडचेच होते. काही तर थेट मोरोक्कोच्या, परदेशी दुकानांत विकत मिळणाऱ्या नमुन्यांसारखे निघाले. दगड अस्सल होते, कोट्यवधी वर्षे जुने होते. खोटा होता तो पत्ता. तेवढ्याने हिमालयाच्या भूशास्त्रातली अनेक वर्षांची छपाई संशयाखाली आली, ज्यांनी त्यावर विसंबून पुढचे काम केले त्यांचे कष्ट वाया गेले. म्हणून प्रदर्शनातून किंवा पर्यटनस्थळावरच्या टपरीवरून विकत घेतलेला जीवाश्म मी संग्रहात धरत नाही. विक्रेत्याने सांगितलेले गाव हा पुरावा नव्हे.

चिठ्ठीवर फार काही लागत नाही. गाव, तालुका, कोणत्या नाल्याच्या कोणत्या काठाला, विहिरीतून निघाला असल्यास किती खोलीवरून, जागेवर खडकात रुतलेला होता की सुटा पडलेला, तारीख, उचलणाऱ्याचे नाव. आज मोबाइलमुळे अक्षांश-रेखांश फुकट मिळतात, ते टाकावेत. एक फोटो दगड उचलण्यापूर्वीचा असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे तिथेच, उभ्याउभ्या लिहावे. घरी येऊन आठवून लिहिलेली नोंद अर्धी खोटी असते. दगडाच्या कमी महत्त्वाच्या बाजूवर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा, आणि तोच क्रमांक वहीत. नुसती चिकटपट्टी लावली तर नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत डिंक वाळून ती गळून पडते, आणि खोक्यातले कागद कसर खाते. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी.

काय उचलायचे, हा प्रश्न याहून अवघड. सुटी कवचे, पानांच्या ठशांचे तुटके तुकडे, नाल्यात वाहून आलेले लाकूड उचलायला हरकत नसावी, अर्थात जमीनमालकाला विचारून, आणि वनजमीन किंवा अभयारण्य असेल तर मुळीच नाही. हाड दिसले तर मात्र हात मागे घ्यावा. का, ते एका दगडाने फार चांगले शिकवले आहे. १९८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे डायनासोरच्या अंड्यांचे घरटे सापडले. अंड्यांजवळ काही बारीक हाडे होती. ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची असावीत, असे १९८७ च्या लेखात मांडले गेले. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला, आणि त्या हाडांतले काही मणके सापाचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. २०१० मध्ये दोघांच्या चमूने सनाजेह इंडिकस हा नवा साप जगापुढे ठेवला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, शेजारी डायनासोरचे पिल्लू. शिकारीचा एक क्षण जसाच्या तसा दगडात धरलेला. अंडी छान दिसतात म्हणून ती सुटी काढून कोणी कपाटात मांडली असती तर? मणके ‘कचरा’ म्हणून झटकले गेले असते. तो दगड सव्वीस वर्षांनी बोलला, कारण त्यातला एकही तुकडा दुसऱ्यापासून वेगळा केला गेला नव्हता. मोहबेंसारख्या तज्ज्ञालाही एका नजरेत सगळे दिसले नाही, तर आपण छिन्नी घेऊन काय ठरवणार?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याची गोष्ट याच्या उलट आहे. तिथल्या तांबड्या मातीत डायनासोरची हाडे मिळतात हे हिस्लॉपच्या काळापासून ठाऊक आहे, आणि तिथून जवळच्या डोंगरगावला सापडलेल्या सांगाड्यावरून आयसिसॉरस या डायनासोरची ओळख पटली. पण पिजदुऱ्याने जगाला चकित केले ते अश्मीभूत विष्ठेने. ओबडधोबड, मातकट गोळे; शोकेसमध्ये कोणी ठेवणार नाही. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी त्यांचे तुकडे विरघळवून पाहिले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकेचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आले. गवत डायनासोरांनंतर पसरले, अशी समजूत तोवर होती. वरोऱ्याकडच्या त्या गोळ्यांनी सिद्ध केले की, गवताच्या अनेक जाती तेव्हाच होत्या आणि कोणीतरी त्या खात होते. डोळ्याला जे भावते तेच मोलाचे, असे मानणारा संग्राहक हे गोळे पायाने बाजूला सारून पुढे गेला असता.

ओळख पटवण्याच्या बाबतीत निसर्ग फार फसवतो. बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गोटे तयार होतात, आणि दर काही महिन्यांनी कुठल्यातरी गावात ‘डायनासोरचे अंडे’ सापडल्याची बातमी येते. वालुकाश्माच्या फटीत मँगनीजचे क्षार झिरपून नेच्याच्या पानासारखी हुबेहूब नक्षी उमटते, ती वनस्पती नसते. नक्षी फटीच्या पृष्ठभागावर पसरलेली असेल, तिला मधली शीर नसेल आणि फांद्या कशाही फुटत असतील, तर ती क्षारांची करामत समजावी. ग्लॉसोप्टेरिसच्या पानाला ठसठशीत मधली शीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. भिंग घ्यावे आणि उजेड तिरपा पाडावा. समोरून पडलेल्या उजेडात कामठीचा ठसा दिसतच नाही. टाकळीच्या थरांतली प्रसिद्ध फायसा गोगलगाय ओळखायची खूण सोपी आहे: टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले की तोंड डावीकडे येते, तिच्यासोबतच्या बहुतेक गोगलगायींचे उजवीकडे. आणि काळ्या बेसाल्टच्या आत जीवाश्म शोधू नये. तो तप्त लाव्हा होता. शोधायचे ते दोन लोटांच्या मधल्या गाळाच्या पट्ट्यात.

एवढे करूनही जातीपर्यंत नाव लावण्याचा मोह टाळावा. ‘गोगलगाय, बहुधा फायसा’ ही नोंद प्रामाणिक आहे आणि पुढच्या अभ्यासकाला उपयोगी आहे. पुस्तकातल्या चित्राशी जुळवून ठोकलेले लॅटिन नाव त्याची वाट चुकवते. ‘बहुधा’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा कसला?

मांडणीबद्दल एवढेच सांगतो: वार्निश लावू नये. चमक येते, पण सूक्ष्म खुणा झाकल्या जातात आणि पुढे तो थर निघत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी, आणि घरात कूलरचा ओलावा. या ओढाताणीत मातकट खडक तडकतात, म्हणून कपाट कूलरच्या झोतापासून दूर हवे. शोभेपेक्षा क्रम महत्त्वाचा. रंगानुसार वा आकारानुसार मांडलेला संग्रह पाहुण्यांना आवडतो. थरानुसार मांडला, खाली गोंडवाना, त्यावर डायनासोरांच्या काळातले लमेटा थर, त्यावर लाव्ह्यांमधले पाणवठे, तर शेजारचे पोर पाच मिनिटांत विदर्भाचा इतिहास वाचून जाते. चिठ्ठी दगडासमोर उघडी असावी, मागे लपवलेली नको.

आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात एक जीवाश्म आधीच आहे. गंडकीच्या पात्रातून येणारा शाळिग्राम म्हणजे बहुतांशी अमोनाइट, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा सागरी जीव. धार जिल्ह्यात तर शेतात सापडलेले गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या कुलदैवत म्हणून पुजले जात होते, आणि ती डायनासोरची अंडी असल्याचे अभ्यासकांनी सांगितल्याची बातमी २०२३ मध्ये गाजली. या पूजेची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. तिने त्या दगडांना जपले. शाळिग्रामाचा मोलभाव करू नये, असे आपली परंपरा सांगते. त्याच्या शेजारी आजचा बाजार ठेवून पाहा: जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका स्टेगोसॉरसच्या सांगाड्याला ४ कोटी ४६ लाख डॉलर मिळाले. या किमती ऐकून खेड्यातल्या माणसाच्या हातात पहार आली, तर दोष त्याचा एकट्याचा नाही. म्हणून संग्राहकाने जीवाश्मासाठी पैसे देऊ नयेत, घेऊ नयेत. शेतकऱ्याने आणून दिला तर चिठ्ठीवर त्याचे नाव आधी लिहावे.

सरकारने काय करावे? १९७२ चा पुरावस्तू कायदा प्रामुख्याने माणसाने घडवलेल्या वस्तूंसाठी आहे. जीवाश्म त्यात नीट बसत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळांच्या रक्षणासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला. सगळे अधिकार एकाच खात्याच्या हाती एकवटतात, असा आक्षेप अनेक संशोधकांनी घेतला, आणि तो मला रास्त वाटतो. मला आणखी एक भीती आहे. कायदा असा झाला की घरात जीवाश्म असणे हाच गुन्हा ठरेल, तर लोक ते सरकारजमा करणार नाहीत. रात्रीतून विहिरीत टाकतील. नोंदणी सक्तीची असावी, जप्ती नसावी.

सरकारी कपाटही अभेद्य नसते. जबलपूरला १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना मिळालेल्या, भारतातल्या पहिल्या डायनासोरच्या हाडांपैकी शेपटीचा मणका, ज्यावरून जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिले, तो कित्येक दशके हरवला म्हणूनच धरला जात होता. २०१२ मध्ये मोहबे आणि सहकाऱ्यांना तो कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एका रात्रीत जळाले. मग सरकारला बोल लावून आपण मोकळे व्हायचे का? नाही. संस्था आणि घर या दोघांनी एकमेकांचा साक्षीदार व्हावे. घरातल्या वहीची प्रत संस्थेत असावी, संस्थेतल्या यादीची प्रत लोकांना पाहायला मिळावी.

संग्राहक गेल्यावर संग्रहाचे काय होते, हा सगळ्यांत दुखरा प्रश्न. मुले पुण्या-बंगळूरला असतात, फ्लॅट विकायचा असतो, आणि खोकी भंगारवाल्याकडे नाहीतर अंगणातल्या कुंड्यांत जातात. बिरबल सहानी आणि सावित्री सहानी यांनी आपली पुस्तके आणि जीवाश्मांचा संग्रह पुरावनस्पतिशास्त्राच्या संस्थेसाठी देऊन टाकला. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला त्या संस्थेची कोनशिला बसली, तिच्यातही जीवाश्म जडवलेले होते. आठवडाभरातच, १० एप्रिलला सहानी वारले. संग्रह मात्र बेवारस झाला नाही, कारण त्याची सोय त्यांनी हयातीतच केली होती.

नागपुरात विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, अजब बंगला आहे. या तिघांनी मिळून विदर्भातल्या घरगुती जीवाश्म-संग्रहांची एक नोंदवही उघडावी. वस्तू मागू नयेत, फक्त यादी आणि फोटो मागावेत, आणि वर्षातून एक दिवस लोकांचे दगड पाहून द्यावेत. ती उघडेपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. तुमच्या घरी, गच्चीवर, शाळेच्या प्रयोगशाळेत असा एखादा दगड असेल, तर ज्या वडीलधाऱ्याने तो आणला त्यांना आजच विचारा: कोणत्या गावचा, कोणत्या नाल्यातला, कोणत्या साली. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि पुढे तो कोणाला द्यायचा हेही त्याच कागदावर लिहा.